परदेशी शपथ घेण्याआधी उताऱ्यावरचं नाव बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली कितीतरी मुलं शिकून अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिकडेच स्थिरावली. आता घरोघरी एकच विषय निघतो: तिकडचं नागरिकत्व घ्यायचं का? गावी राहिलेले काका म्हणतात, 'देश सोडला म्हणजे सगळं सोडलं.' तिकडचे मित्र म्हणतात, 'ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड, काढलं की काही फरक पडत नाही.' दोघांचंही बोलणं अर्धवट माहितीवर चालतं, आणि त्यावर विसंबून घेतलेला निर्णय दहा-पंधरा वर्षांनी वाटणीच्या वेळी नाहीतर मुलांच्या ॲडमिशनच्या वेळी अंगाशी येतो. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०११ मध्ये १,२२,८१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं होतं, २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी. इतके लोक जे करताहेत त्याचे बारकावे आपल्या भागाच्या अंगाने कुणीतरी मांडायला हवेत, म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. ज्याला आई-वडिलांच्या म्हातारपणी गावी महिनोन्‌महिने येऊन राहायचं आहे, पण नोकरी-मुलं तिकडेच आहेत, त्याने परदेशी नागरिकत्व घ्यावं. ज्याला मुलं लहान असतानाच कायमचं परत यायचं आहे, त्याने घेऊ नये. हे ऐकायला उलटं वाटतं, कारण आपल्याकडे समजूत अशी की गावावर जीव असेल तर भारतीय पासपोर्ट ठेवावा. पण पीआर (कायम रहिवासाचा परवाना) किंवा अमेरिकेचं ग्रीन कार्ड हे तिकडे राहण्यासाठी दिलेलं असतं, बाहेर राहिलात की ते जातं. ग्रीन कार्डवाला री-एन्ट्री परमिट न काढता वर्षभराहून जास्त अमेरिकेबाहेर राहिला की त्याने कार्ड सोडून दिलं असं धरतात. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर पुढे नागरिकत्वासाठी मोजायचा सलग रहिवासही तुटला असं धरलं जाऊ शकतं. इंग्लंडचं आयएलआर, म्हणजे तिथला कायम रहिवासाचा परवाना, सलग दोन वर्षं बाहेर राहिलं की रद्द. कॅनडाचा पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात. वडिलांना पक्षाघात झाला, आई एकटी आहे, वर्ष-दीड वर्ष बेळगावात राहायला हवं, अशा वेळी भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असलेला माणूस तारखा मोजत बसतो. परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय असलेला निवांत राहतो. ओसीआय हा आजन्म, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसाच आहे, आणि कितीही दिवस राहिलं तरी पोलिसांत नोंद करावी लागत नाही.

कायदा नीट समजून घ्या. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय माणसाने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. अर्ज करा, न करा, पासपोर्ट परत द्या, न द्या. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा दुहेरी नागरिकत्व चालवून घेतात, जर्मनीनेही जून २०२४ पासून चालवून घेतलं, पण त्याने आपल्या बाजूला काही बदलत नाही. शपथ झाल्यावर 'एवढ्या दिवाळीला जुन्याच पासपोर्टवर जाऊन येतो' असं करणारे आहेत. असं करणं पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. पुढे पासपोर्ट परत करताना प्रवासाचे शिक्के तपासतात आणि दंड लावतात.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. नाव 'ओव्हरसीज सिटिझन' असलं तरी मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. आपल्या भागात यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी रहिवासाच्या अटीत सवलत मिळते. मुलाच्या हाती परदेशी पासपोर्ट आला की ही वाट बंद होते. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण, धर्मप्रचार यांसाठी ओसीआयवाल्याला आगाऊ परवानगी लागते. आणि हे कार्ड सरकार काढूनही घेऊ शकतं: ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, किंवा सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तरी नोंदणी रद्द होऊ शकते.

आता जमीन. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, आणि आपल्या भागात घराचं खरं धन म्हणजे उसाचं, तंबाखूचं, नाहीतर खानापूरकडे भाताचं-काजूचं शेतच असतं.

पहिला गैरसमज: नागरिकत्व सोडलं की वडिलार्जित शेतातला हिस्सा जातो. अजिबात जात नाही. वारसाहक्क रक्ताच्या नात्याने येतो, पासपोर्टने येत नाही. ओसीआयवाल्याला वारशाने शेतजमीन मिळू शकते आणि त्याचं नाव उताऱ्यावर लागू शकतं. मुलींचंही तसंच.

दुसरा गैरसमज त्याच्या उलट: २०२० मध्ये कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढली, आता शेतकरी नसलेलाही शेत घेऊ शकतो, म्हणून परदेशातूनही घेता येईल. एजंट हेच सांगून इसार घेतात. राज्याचा कायदा सैल झाला, पण परकीय चलनाचा कायदा, फेमा, तसाच आहे. त्यानुसार एनआरआय (परदेशात राहणारा भारतीय नागरिक) असो की ओसीआय, कुणालाच शेतजमीन, फार्म हाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. एन.ए. (बिगरशेती) झालेला प्लॉट, फ्लॅट, दुकान घ्यायला दोघांनाही मोकळीक आहे. म्हणजे परदेशात असेपर्यंत भारतीय पासपोर्ट ठेवून शेतीच्या बाबतीत काही जास्त मिळत नाही. फरक पडतो परत आल्यावर. भारतीय नागरिक कायमचा परतला, इथला रहिवासी झाला, की कर्नाटकात शेत विकत घेऊ शकतो. ओसीआयवाला परत येऊन राहिला तरी त्याला ते दार बंदच. ज्याच्या डोक्यात 'रिटायर होऊन निपाणीजवळ चार एकर घ्यायचे' असं आहे त्याच्यासाठी हा एक मुद्दाच निर्णायक आहे.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. वडील हयात असताना परदेशातल्या मुलाला बक्षीसपत्राने शेत द्यायला निघाले तर ते फेमात बसत नाही, भले सब-रजिस्ट्रार ऑफिसात नोंदणी होऊन जाईल. बरीच घरं इथे फसतात. त्याऐवजी मृत्युपत्र करावं, म्हणजे जमीन वारशाच्या वाटेने येते. आणि मिळालेलं शेत पुढे विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येतं. पैसे एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्याच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) येतात आणि कर भरून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

पण खरी अडचण हक्काची नसते, नावाची असते. समजा उताऱ्यावर कन्नडमध्ये 'यल्लाप्पा बिन परशराम पाटील', म्हणजे परशरामचा मुलगा यल्लाप्पा, असं आहे. मुलाच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर 'गणपती यल्लाप्पा पाटील'. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये वडिलांचं नाव 'येलप्पा' झालं. अमेरिकेत नागरिकत्व घेताना त्याच अर्जात नाव बदलायची सोय असते, म्हणून त्याने मधलं नाव गाळून नुसतं 'गॅरी पाटील' करून घेतलं. वीस वर्षांनी वडील वारले. वारसा करायला नाडकचेरीत (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयात) वंशावळ काढायला जावं तर त्यात गणपती आहे, आणि समोर पासपोर्ट आहे गॅरीचा. मुलींच्या बाबतीत याहून वाईट: माहेरच्या वंशावळीत एक नाव, लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, उताऱ्यावर नाव लागायचं झालं तर 'कोम' (अमक्याची बायको) लावून नवऱ्याचं नाव, आणि परदेशी पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. दोन माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, भावाचं संमतिपत्र, कधी कोर्ट. भाऊ सरळ असला तर सहा महिने, नसला तर पुढची पिढी.

म्हणून माझा आग्रह आहे: शपथेच्या वेळी नाव बदलूच नका. तिकडच्या लोकांना उच्चारायला जड जातं एवढ्यासाठी कागदावरचं नाव तोडू नका. ऑफिसात काय हाक मारतात ते मारू देत. बदलायचंच असेल तर ज्या आदेशाने किंवा प्रमाणपत्राने बदललं त्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढून ठेवा, एक बेळगावच्या घरी ठेवा.

गावाच्या नावाचाही घोळ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' आलं. जन्मदाखला जुना असेल तर त्यावर बेळगाव, नव्या पासपोर्टवर बेळगावी, आणि परदेशातल्या अधिकाऱ्याला ही दोन गावं वाटतात. सगळ्या अर्जांत पासपोर्टवर जे जन्मगाव आहे तेच भरा आणि सोबत नामांतराचा उल्लेख असलेला एक परिच्छेद जोडा. जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर शपथेवरचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टवरचं स्पेलिंग आधीच लिहून द्या, नाहीतर तो कन्नड उच्चाराप्रमाणे 'गणेश'चं 'गणेशा' करतो आणि आणखी एक नाव वाढतं.

हे झालं की क्रम. वडील किंवा आई आधीच वारले असतील तर शपथेआधी वारसा उरकून घ्या. भारतीय पासपोर्ट आणि आधार हातात असताना तलाठ्याकडचं आणि तहसीलदाराकडचं काम सोपं जातं. पहाणीला, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याला, आधार जोडायचं कामही तेव्हाच करा. ओसीआयवाल्याला नव्याने आधार काढायचं तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयला ही अट नाही. भावाच्या किंवा बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र करायचं असेल तर ते परदेशातून वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (तिकडच्या सरकारचा आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाचा शिक्का) करून पाठवता येतं, पण कर्नाटकात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. पाकीट कपाटात पडून राहिलं की काम अडतं. आणि मुखत्यारपत्रात गट नंबर आणि काम लिहा. 'माझी सर्व मिळकत' असं मोघम लिहून दिलेल्या कागदाने भावाभावांत वैर आलेली घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

शपथेची तारीख निवडतानाही विचार करा. अमेरिकेत समारंभालाच ग्रीन कार्ड काढून घेतात. नवा अमेरिकन पासपोर्ट येईपर्यंत तुमच्याकडे प्रवासाचा कोणताही कागद नसतो: भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, अमेरिकन अजून नाही. आईचं ऑपरेशन ठरलंय किंवा बहिणीचं लग्न आहे, तर शपथ पुढे ढकला. पासपोर्ट आला की आधी भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, मग ओसीआयचा अर्ज, परदेशातून फी २७५ डॉलर, भारतात केला तर १५,००० रुपये. कर्नाटकात राहून करायचं तर त्याचं ऑफिस बंगळूरचं एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय. मधल्या काळात भारतात यायचं तर साधा व्हिसा काढून यावं लागतं, आणि तिथेही जुना पासपोर्ट रद्द केल्याचा कागद मागू शकतात. विशीनंतर पहिला नवा पासपोर्ट निघाला की ओसीआय एकदाच नव्याने काढायचं. विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत, आणि पन्नाशीनंतर एकदा, तीन महिन्यांच्या आत वेबसाइटवर चढवायची.

इकडे गावात मतदार यादीतून नाव काढायला फॉर्म ७ भरा. घरचे म्हणतात, 'राहू दे, कोण बघतंय.' सीमाभागात एकेका मताला किंमत आहे हे खरं, पण परदेशी नागरिकाचं नाव यादीत ठेवणं ही त्या मताची सेवा नाही, उद्या ते घरच्यांनाच भोवतं. मत राखायचं असेल तर भारतीय नागरिक राहा, फॉर्म ६अ भरून परदेशस्थ मतदार व्हा आणि मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन गावी हजर राहा. पोस्टाने किंवा ऑनलाइन मत देता येत नाही.

मुलांचा प्रश्न वेगळा मोजा. परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय वकिलातीत वर्षभरात जन्मनोंद केली, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून दिलं, तर ते वंशाने भारतीय नागरिक होतं, तिकडच्या कायद्याने तिकडचंही असू शकतं. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय जातं. पण जन्मल्या जन्मल्या अमेरिकन पासपोर्ट काढलात की ही वाट तिथेच संपते.

ओसीआय असलेली मुलं घेऊन बेळगावला परतणाऱ्यांनी ४ मार्च २०२१ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशीच्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईईनंतर फक्त एनआरआय जागांवर प्रवेश मिळेल, भारतीयांसाठी राखलेल्या जागांवर नाही, असं झालं. ३ फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने त्या तारखेआधी ओसीआय मिळालेल्यांना यातून वाचवलं, नंतरच्यांना नाही. म्हणजे मूल बेळगावातच वाढलं, इथल्या शाळेत शिकलं, आणि मेडिकलची वेळ आली की त्याच्या वाट्याला एनआरआय कोट्याची फी. वाईट याचं वाटतं की आई-बापांना हे बारावीच्या वर्षी कळतं.

आई-बापांनी नागरिकत्व बदललं तेव्हा मूल सज्ञान नव्हतं, तर ते मोठं होऊन नुसत्या घोषणापत्राने भारतीय होऊ शकतं, असा एक सल्ला फिरतो. कलम ८(२) मध्ये तशी सोय आहे, पण ती आई-बापांनी घोषणेने नागरिकत्व सोडलेल्यांसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यामुळे कलम ९ खाली ज्यांचं आपोआप गेलं, त्यांच्या मुलांना ती लागू नाही. आपल्याकडचे जवळजवळ सगळे या दुसऱ्या प्रकारातच येतात.

अमेरिकन नागरिक होऊन परतणाऱ्यांनी आणखी एक ओझं धरून चालावं. अमेरिका आपल्या नागरिकाकडून जगात कुठेही राहिला तरी दरवर्षी रिटर्न मागते, आणि परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की वेगळा अहवाल. बेळगावात सोसायट्यांत, पतसंस्थांत ठेवी ठेवायची जुनी सवय आहे, आणि ती खातीही यात धरली जातात. ग्रीन कार्ड सोडून आलात तर हे थांबतं, नागरिकत्व घेऊन आलात तर जन्मभर चालतं.

गोव्याच्या नात्यांबद्दल एक सावधगिरी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, आणि खानापूर-बेळगावात आजोळ गोव्याचं असलेली घरं पुष्कळ आहेत. एजंट अजूनही 'त्या पासपोर्टवर लंडनला कामाला' म्हणून पैसे घेतात. ब्रेक्झिटची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली, त्यानंतर नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात राहायचा हक्क नाही. आणि पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन भारतीय पासपोर्ट वापरत राहिलेल्यांचे पासपोर्ट गोव्यात रद्द झालेत. पासपोर्टच रद्द झाल्याने सरेंडर सर्टिफिकेट मिळेना, त्यामुळे ओसीआयही अडकलं. २०२४ मध्ये पासपोर्ट रद्द केल्याचा दाखला ओसीआयसाठी चालेल असं ठरल्यावर त्यांची सुटका झाली.

दुबई, कुवेत, सौदीला असलेल्यांना यातलं फारसं काही लागू होत नाही. तिथे नागरिकत्व मिळतच नाही म्हटलं तरी चालेल.

नागरिकत्व परत मिळतं का? मिळतं, पण वेळ लागतो. ओसीआय होऊन पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिला असाल, तर कलम ५ खाली अर्ज करता येतो. आधीचे स्वतः भारतीय नागरिक असाल तर दुसरं पोटकलमही आहे. अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर, चौकशी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसकडून, मग राज्य, मग दिल्ली. मंजुरी आली की परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणि निष्ठेची शपथ. या अर्जात तुम्ही पूर्वी भारतीय होता हे दाखवायला रद्दचा शिक्का मारून परत मिळालेला जुना पासपोर्ट आणि सरेंडर सर्टिफिकेट ही दोनच भक्कम कागदपत्रं असतात. ती दोन्ही जपून ठेवा, आणि स्कॅन करून एक प्रत गावच्या घरातल्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा.